चहात चालत नाही

रिस्पेरिडोन हे स्किझोफ्रेनियावरचं नेहमीचं औषध. गोळीत मिळतं, तसं पातळ द्रावणातही मिळतं. द्रावण पाण्यासारखं दिसतं. ते पाण्यात, दुधात, कॉफीत, संत्र्याच्या रसात मिसळलेलं चालतं. चहात आणि कोलात मात्र मिसळू नये, असं औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ज्यांना गोळी गिळता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय. आपल्याकडे तिचा आणखी एक उपयोग होतो आणि तो दारं लावून होतो. मानसोपचारतज्ज्ञांना ते ठाऊक असतं. काही जण स्वतःच सुचवतात, काही स्पष्ट नकार देतात आणि बरेच जण विषय निघाला की खाली बघून चिठ्ठी लिहू लागतात.

पुढच्या संवादातल्या दोघी काल्पनिक आहेत. पण असा वाद घालणाऱ्या घरांची आपल्याकडे वाण नाही. एक नणंद, एक भावजय. नणंद ठाण्याहून आठ दिवस राहायला आलेली. तिचा थोरला भाऊ, म्हणजे भावजयीचा नवरा, तिशीच्या आतच आजारी पडला. कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सुटली, आता तो घरी बसून प्रकाशकांची मुद्रितं तपासतो. अनुस्वार निसटला तर पानभर दुरून दिसावा अशी त्याची नजर. घर पुण्यातलं, दोन खोल्यांचं. दुपारची वेळ आहे, तो झोपलाय, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून या दोघी खालच्या आवाजात बोलताहेत.

ताई : सगळ्या घराला चहा आणि दादाला एकट्याला कॉफी. मला वाटलं, कसलं तरी पथ्य असेल. काल पोह्यांच्या डब्यामागे ती बाटली दिसली. वहिनी, कधीपासून चाललंय हे?

वहिनी : मागच्या वेळी ॲडमिट करून घरी आणलं आणि महिन्याभरात गोळ्या गादीखाली सापडायला लागल्या. तेव्हापासून.

ताई : म्हणजे चार वर्षं?

वहिनी : चारेक. या चार वर्षांत घरी पोलीस आले नाहीत. रात्री दोनला उठून हे स्वारगेटला जाऊन बसले नाहीत. शेजारच्यांच्या दारावर लाथ बसली नाही. सोसायटीच्या मीटिंगला मी मान वर करून जाते. अजून काय सांगू?

ताई : आणि त्याला काय वाटतं?

वहिनी : ते म्हणतात, बघ, गोळ्या सोडल्या आणि मी बरा झालो.

ताई : त्यावर तू काय म्हणतेस?

वहिनी : काही नाही. कॉफी ढवळते.

ताई : वहिनी, आजार सुरू झाला तेव्हा दादा पहिल्यांदा काय म्हणाला होता, तुला कोणी सांगितलंय? माझ्या जेवणात काहीतरी कालवतात. आई प्रत्येक पदार्थाचा पहिला घास त्याच्यासमोर खाऊन दाखवायची. वर्षभर. ती खरं तेच दाखवत होती, म्हणून तिला दाखवता येत होतं. उद्या त्यानं तुझ्याकडे तसं बघितलं तर काय करशील? त्याची कॉफी पिऊन दाखवशील?

वहिनी : दोनदा प्यायलेय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळे उघडत नव्हते. तेव्हा कळलं, हा माणूस रोज काय अंगावर घेऊन मुद्रितं तपासतो.

इथे मला थांबावंसं वाटतं. भ्रम कशाला म्हणायचं, तर पुरावा विरुद्ध असतानाही न हलणाऱ्या समजुतीला. या घरात पुरावा आता रुग्णाच्या बाजूचा आहे. आपल्या पेल्यात काहीतरी घातलं जातं, असं तो म्हणाला तर तो शंभर टक्के बरोबर असेल, आणि त्याला वेड्यात काढणारे सगळे शहाणे चूक असतील. चोरून दिलेल्या औषधानं मेंदूतली खळबळ शमते यात शंका नाही. पण ज्या आधारावर तो एक दिवस स्वतःच्या संशयाला खोटं ठरवू शकला असता, तो आधारच घरातल्यांनी काढून घेतलेला असतो.

वहिनी : तुम्हाला वाटतं, मी समजावून पाहिलं नाही? डॉक्टरांनी मला नीट सांगितलं होतं की हा हट्ट नाही. पक्षाघात झालेल्या काही माणसांना आपला हात लुळा पडलाय हेच कळत नाही. पडलेला हात उचलून दाखवला तर म्हणतात, हा माझा नाहीच. तसंच हे. आजार जिथे झालाय, नेमकं त्याच जागेनं आजार ओळखायचा असतो. मग कोणाशी वाद घालायचा आणि कुठल्या जागेशी?

ताई : हेच सांगणारं पुस्तक मी वाचलंय. झेवियर अमाडोर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं, २००० सालचं. त्याच्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. हा भावाशी कित्येक वर्षं भांडला, की तू आजारी आहेस, औषध घे. नातं तुटायची वेळ आली तेव्हा त्याला कळलं, की भावाला आजार पटवायची गरजच नाही. त्याचं ऐकून घ्यायचं, त्याला काय खुपतंय ते विचारायचं, जेवढ्यावर एकमत होईल तेवढ्यावर एकत्र काम करायचं. दादाला आजार मान्य नाही, पण झोप येत नाही हे मान्य आहे. मग झोपेवर बोला.

वहिनी : बोलले. झोपेची गोळी म्हणून दोन महिने घेतली. मग पाकिटावरचं नाव इंटरनेटवर शोधलं. मुद्रितशोधक आहेत ते, ताई. त्यांना कागद वाचता येतो.

ताई : म्हणजे तेव्हाही खोटंच सांगितलंस.

वहिनी : अर्धं खरं. झोप येतेच की तिनं.

(वहिनीच्या या उत्तरात मला चलाखीपेक्षा थकवा जास्त दिसतो. तरी पकडली गेली ती गेलीच.)

ताई : त्याचे हात थरथरतात, पाहिलंयस?

वहिनी : रोज पाहते.

ताई : काल रात्री मला बाजूला घेऊन विचारलं, मला पार्किन्सन्स झालाय का गं? गुपचूप एका फिजिशियनकडे जाऊन आला. त्यांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? हा म्हणाला, एकही नाही. त्यांनी न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी दिलीय. खिशात घेऊन फिरतोय तो ती.

वहिनी : (बराच वेळ काहीच बोलत नाही.) मला नाही सांगितलं.

ताई : तू तरी कुठे सांगतेस? या औषधानं हात थरथरू शकतात, वजन वाढतं, साखर वाढते. ज्याला आपण औषध घेतो हेच ठाऊक नाही, तो डॉक्टरला काय सांगणार? उद्या दुसऱ्याच कुठल्या आजारासाठी त्याला ॲडमिट केलं आणि तू शेजारी नसलीस तर?

मला विचाराल तर, चोरून औषध देण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि त्याला तत्त्वज्ञानाची फारशी गरज नाही. स्वातंत्र्य, सन्मान हे शब्द वहिनीच्या अंगावरून घरंगळून गेले असते. थरथरणारा हात आणि खिशातली चिठ्ठी तिला चुकवता आली नाही. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नाही.

वहिनी : खरं सांगायचं म्हणता ना? कोणाला खरं सांगायचं आणि कोणाला नाही, हे तुमच्या घरानं १९९६ साली ठरवलं होतं. लग्नानंतर आठवड्यानं मी विचारलं, या गोळ्या कसल्या? सासूबाई म्हणाल्या, ॲसिडिटीच्या.

ताई : ...

वहिनी : ज्या आईचं तुम्ही आत्ता कौतुक केलंत, पहिला घास खाऊन दाखवणारी, तीच आई. मला मात्र तिनं न दाखवता भरवलं.

ताई : मी तेव्हा एम.कॉम.ला होते. मला माहीत होतं. बाबा म्हणाले, लग्न झालं की मार्गाला लागेल, तू मध्ये बोलू नकोस. मी बोलले नाही. म्हणूनच आता मला पुन्हा गप्प बसवत नाही, वहिनी.

वहिनी : तुमचं मन हलकं व्हावं म्हणून मी बाटली फेकून देऊ?

‘लग्न झालं की मार्गाला लागेल.’ या एका वाक्यानं महाराष्ट्रात किती मुली स्किझोफ्रेनियाच्या घरात उतरल्या असतील! आणि हेच उलटंही घडलंय: मुलीचा आजार लपवून लग्न, मग सहा महिन्यांत ती माहेरी परत. बायकोनं नवऱ्याला सांभाळलेलं आपण पुष्कळ बघतो. नवऱ्यानं बायकोला सांभाळलेलं कमी. म्हणून कॅलगरीत प्राध्यापकी केलेल्या जगन्नाथ वाणी यांच्याबद्दल मला विशेष वाटतं. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी झुंजताना जे कळलं ते दुसऱ्या कुटुंबांपर्यंत पोचावं म्हणून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून झाला.

ताई : ‘देवराई’ बघून मी दोन दिवस रडत होते.

वहिनी : त्यात सांभाळणारी बहीण आहे. (हसते.) आमच्या आधारगटात सगळ्यांनी तो पाहिलाय. पेशंटला शुभार्थी म्हणायचं, आम्हाला शुभंकर. छान वाटतं ऐकायला. गटात एकीनं हळूच विचारलं, कुणी जेवणातून देता का? बावीसजणी होतो, पुरुष दोन-तीन. कोणी हात वर केला नाही. चहाच्या वेळी मात्र चौघी माझ्याजवळ आल्या.

ताई : तू सोडून का नाही गेलीस?

वहिनी : माझ्या भावानं वकील गाठला होता. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३. वकिलांनी सांगितलं, सुप्रीम कोर्टाचा १९८८ सालचा निकाल आहे, नवऱ्याला किंवा बायकोला स्किझोफ्रेनिया आहे एवढं म्हणून घटस्फोट मिळत नाही; आजार इतका आहे की सोबत राहण्याची अपेक्षाच धरता येणार नाही, हे दाखवावं लागतं. फाइल घेऊन घरी आले. दाखवता येईल का? येत होतं. त्या वर्षी दाखवण्यासारखं पुष्कळ होतं.

ताई : मग?

वहिनी : मुलगा दुसरीत. माझी नोकरी कायम झालेली नाही. आणि मधल्या बऱ्या महिन्यांत हे माझ्याशी जसं बोलायचे तसं माझ्या एकाही मैत्रिणीचा नवरा तिच्याशी बोलत नव्हता. तिन्ही कारणं एकत्र धरा. त्यातलं प्रेम कुठलं आणि हिशेब कुठला, ते मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही.

ताई : जवळच्या माणसांच्या प्रेमाचंही मोजमाप झालंय, ठाऊक आहे? लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात पाहिलं, की हॉस्पिटलमधून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेलेले पेशंट जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले त्या मानानं बरे राहतात. पुढे घरच्यांच्या मुलाखती घेऊन मोजलं. टीका किती, राग किती आणि तिसरं म्हणजे अतिगुंतवणूक. सारखं मागे मागे असणं, त्याच्यासाठी स्वतःला जाळून घेणं. तेही घातक निघालं. अशा घरात आठवड्याला पस्तीस तासांहून जास्त वेळ समोरासमोर काढला, तर धोका आणखी वाढतो.

वहिनी : पस्तीस? माझे बुधवारी रात्रीच होतात. मुदतीआधी निवृत्ती घेतली ती कशासाठी?

ताई : मी तुला दोष देत नाहीये.

वहिनी : देताय. पण नीट द्या. भावंडांकडे बरे राहतात म्हणालात ना? मग ठाण्याला न्या की.

(इथे ताईचा संशोधनाचा आधार ताईवरच उलटला. न्यायासाठी हेही सांगितलं पाहिजे, की १९८० च्या दशकात चंडीगढमध्ये हीच पाहणी झाली, तेव्हा तिथल्या कुटुंबांत टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं होतं. आपली घरं तितकीशी वाईट नाहीत. पण चंडीगढच्या त्या घरांत बहुधा माणसंही जास्त होती. दोन खोल्यांत दोघंच, हे नवीन आहे.)

ताई : तीन आठवडे नेईन. खरंच. पण त्यानं प्रश्न सुटत नाही. ठाण्यात मी त्याला चोरून देणार नाही.

वहिनी : मग तीन आठवड्यांनी मला फोन कराल, ठाणे स्टेशनवरून.

ताई : काल त्याच्याशी पार्किन्सन्सवरून सुरुवात झाली, मग मी विचारलं, दादा, मागच्या वेळी ॲडमिट केलं तेव्हा सगळ्यात वाईट काय वाटलं? तासभर बोलला. आवाज एकदाही चढला नाही. म्हणाला, चौघांनी धरून इंजेक्शन दिलं. चष्मा काढून घेतला आणि चार दिवस दिला नाही. चष्म्याशिवाय मला समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता, मग तो माझा शत्रू नाही हे मी ठरवणार कसं?

वहिनी : चष्म्याचं मला कधी बोलले नाहीत.

ताई : मी विचारलं, हे लिहून ठेवशील? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झालाय. त्यात माणसाला बरा असताना लिहून ठेवता येतं, की माझ्यावर वेळ आली तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत. आणि माझ्या वतीनं निर्णयात मदत कोणी करायची ते नावही देता येतं. ते नाव साध्या कोऱ्या कागदावर, सही केली की झालं.

वहिनी : सही करायला आजार मान्य असावा लागतो.

ताई : नाही, हेच तर! ‘मी आजारी आहे’ असं कुठेच लिहायचं नाही. ‘वेळ आली तर’ एवढंच. दादाला ते पटलं. म्हणाला, मसुदा मी करतो, तुमच्या वकिलांना विरामचिन्हं कळत नाहीत.

या जागी दोघीही हसल्या असतील असं मला वाटतं. आणि माझ्या मते या सगळ्या वादातलं महत्त्वाचं पाऊल हेच आहे. प्रेम विरुद्ध बुद्धी अशी मांडणी केली की आपण गृहीत धरतो, प्रेमही घरच्यांचं आणि बुद्धीही घरच्यांचीच. रुग्णाकडे फक्त आजार. पण ज्याला चष्मा आणि शत्रू यांतला संबंध इतका नेमका सांगता येतो, त्याची बुद्धी गेलेली नाही. एका बाजूला ती फसते, बाकी सगळीकडे चालते. आपल्या आईला मनोरुग्णालयात पाहत वाढलेल्या भार्गवी दावर यांनी पुण्यातच बापू ट्रस्ट काढला आणि आयुष्यभर बळजबरीच्या उपचारांना विरोध केला; २०१७ च्या कायद्यातही बळजबरीला वाव उरलाय, असं त्या म्हणत. वाणी आणि दावर, दोघांचंही आजारी माणूस आपल्या घरातलंच होतं. दोघांचे रस्ते वेगळे निघाले. वाणींनी घरच्यांना बळ दिलं, दावरांनी विचारलं की ज्याच्यावर उपचार होतात तो काय म्हणतो. मी दावरांइतकं टोक गाठू शकत नाही. जिवावर बेतलेल्या रात्री घरच्यांनी दार उघडून मदत बोलवावीच, आणि पहिल्या त्या भयंकर महिन्यांत वहिनीनं जे केलं त्याबद्दल तिला जाब विचारायची माझी हिंमत नाही. पण चौथ्या वर्षी ती आणीबाणी उरलेली नाही, ती घराची रीत झाली आहे. रीतीला जाब विचारता येतो.

वहिनी : एक सांगू? मला कधी कधी वाटतं, त्यांना माहीत आहे. मी भावाकडे गेले होते तेव्हा राहायला आलेल्या सूनबाईनं चहा दिला, तर म्हणाले, माझी कॉफी? तुझ्या सासूच्या कॉफीनं झोप चांगली लागते.

ताई : असेलही. पण ते तुझ्या सोयीचं आहे, वहिनी. माहीत असेल तर तोही खोटं वागतोय, तूही. आणि हात थरथरल्यावर तो तुझ्याकडे आला नाही, परक्या डॉक्टरकडे गेला.

वहिनी : (थांबून) कसं सांगायचं?

ताई : आधी आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ, मंगळवारी. मग त्यांच्यासमोर त्याला. थरथरीचं कारण पार्किन्सन्स नसून औषध असू शकतं, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, ही त्याच्यासाठी चांगली बातमी आहे. तिथून सुरू करू. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, तेही विचारू. रोज बाटली नको, रोज संशय नको.

वहिनी : आणि चिडले, सगळं बंद केलं, माझ्या हातचं जेवायचे थांबले तर? पहिले काही आठवडे छान जातात, ताई. सगळे म्हणतात, बघा, उगाच औषधं देत होता. मग एक रात्र येते. त्या रात्री तुम्ही ठाण्यात असता.

ताई : मी येईन.

वहिनी : फोन करून सल्ला नको. पुस्तक नको. या आणि राहा. माझ्यावरचा राग ओसरेपर्यंत त्यांना तुमच्या हातचं जेवावं लागेल.

ताई : येईन म्हटलं ना.

वहिनी : आणि मंगळवारपर्यंत कॉफी चालू राहील. मनानं एकदम बंद करून चालत नाही, डॉक्टरच ठरवतील कसं ते.

ताई : मंगळवारपर्यंतही नको असं माझं मत आहे.

वहिनी : मत असू द्या. तो कागदाचा मसुदा ते करतायत ना, त्यात प्रतिनिधी म्हणून कोणाचं नाव घालायचं ते तेच ठरवतील, तुमचं किंवा माझं. पण तुम्ही मला वेगळं लिहून द्या. कोऱ्या कागदावर चालतं म्हणालात.

ताई : काय लिहून देऊ?

वहिनी : हेच. बोलावलं की दोन दिवसांत येईन, महिनाभर राहीन. सही करा आणि खाली तारीख घाला.